रविवारचं माडगं

हुलगे भाजून दळले की पीठ तीन महिने टिकतं.

एंजलच्या दप्तराची चेन मेणबत्ती घासली की सरकते.

मुलींचं वसतिगृह, जामखेड. साठ मुली, दोन वेळचं जेवण. स्वयंपाकीण पाहिजे.

पाव किलो मटणात चार जण पोटभर जेवतात. रश्शाला येसराचं पीठ लावलं की तो दाट होतो, मग फोडी कोणी मोजत नाही.

शलमोन शिकवतो त्या शाळेला अनुदान येणार आहे. एंजल जन्मली तेव्हाही येणार होतं.

आज रविवार. चर्चमधून येऊन सगळे जेवायला बसलेत. शलमोन, त्याची आई भागूबाई, आठ वर्षांची एंजल. कृपा वाढते आहे. वसतिगृहाच्या मॅडमना तिला उद्या सकाळी कळवायचंय, येते किंवा येत नाही.

येते, असं तिला म्हणायचंय.

शुक्रवारी शलमोन म्हणाला होता, "मास्तरची बायको साठ पोरींच्या भाकरी थापणार? घरात काय कमी आहे? ज्या दिवशी माझ्या ताटात कमी दिसेल, त्या दिवशी खुशाल जा. मी अडवणार नाही. आई, ऐकतेस ना?"

"ऐकते की. मी काय भैरी हाय का," भागूबाई म्हणाल्या होत्या.

त्याच्या ताटात दहा वर्षांत कधी कमी दिसलं नव्हतं. कोथिंबिरीच्या देठांची चटणी. दोडक्याच्या शिरांची चटणी. कलिंगडाच्या सालीची भाजी. शिळ्या भाकरीचा कुस्करा, वरून शेंगदाण्याचं कूट. किराणा विसाव्या दिवशी संपायचा. पुढचे दहा दिवस ती हातातून काढायची, आणि घरात ते कोणाला कळायचं नाही, इतकं छान काढायची.

म्हणून तिने ठरवलं होतं, आज काही करायचं नाही. जे आहे ते वाढायचं. हुलग्याचं माडगं, आजाऱ्याला देतात तसं. पीठ, पाणी, मीठ. सोबत कालची भाकरी. कमी दिसू दे.

एंजलने डोळे मिटले. "प्रभू, ज्या हातांनी हे अन्न केलं त्या हातांना आशीर्वाद दे. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. कृपाचे फक्त ओठ हलले.

शलमोनने ताटाकडे पाहिलं. "आज मटण नाही?"

"नाही."

"भाजी?"

"नाही. एवढंच आहे."

तो ताटाकडे पाहत राहिला. कृपाने पळी घट्ट धरली. म्हणू दे. आत्ता, सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडून येऊ दे.

त्याने भाकरी चुरली. वर माडगं ओतून घेतलं. एक घास घेतला. मग दुसरा. कडेला आलेला तांबूस लसूण बोटाने गोळा करून तोंडात टाकला. तिसऱ्या घासाला मान हलवली.

"हे काय केलंस गं?"

"माडगं."

"आजारी पडलो की आई द्यायची, ते? ते असं नव्हतं."

"मी हितंच बसलीया," भागूबाई म्हणाल्या.

एंजलने वाटी पुढे केली. "मम्मी, अजून."

"तुम्ही म्हणाला होतात," कृपा म्हणाली, "ताटात कमी दिसलं तर."

"कमी?" तो हसला. मोकळं, प्रेमाने हसला. "याला कमी म्हणतात? मटण झक मारतं याच्यापुढं. आपण उगाच दर रविवारी आणतो. महिन्यातून दोन रविवार हेच करत जा, किराण्यातले तेवढेच वाचतील." त्याने वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. "मॅडमना काय चूक म्हणायचं? असा हात कोणीही मागेल. सांग त्यांना, आमच्या घरालाच लागतो म्हणावं."

त्याने वाटी पुढे केली. कृपाने भरली. काठापर्यंत.

जेवून तो आतल्या खोलीत आडवा झाला. एंजल खेळायला गेली. भागूबाई तशाच बसून राहिल्या, बोटाने ताट पुसत.

"फोडनी कशाला दिली गं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

कृपा भाकरीच्या टोपल्यातला चुरा गोळा करत होती.

"तुला तिकडं जायचं हुतं ना. मग फोडनी कशाला दिली?"

"नुसतं पांचट पाणी कसं वाढायचं, आई? एंजल जेवणार होती. तुम्ही जेवणार होता."

"जेवलो आस्तो की. न्हाईतर उठलो आस्तो तसंच. तेच तर पायजे हुतं तुला."

भागूबाईंनी बोट चाटलं.

"मला बी न्हाई जमलं कदी," त्या म्हणाल्या. मग ताट पुढे सारलं. "उरलं आसंल तर वाड."

कृपाने पातेलं तिरकं केलं आणि तळातलं खरवडून त्यांना वाढलं.

सकाळी चर्चला निघण्याआधी तिने तेलाची बाटली शेजारच्या सविताकडे नेऊन दिली होती, मी मागितली तरी संध्याकाळपर्यंत देऊ नको, असं सांगून. साडेअकराला ती चपला न काढता तिच्या दारात गेली आणि भांडून बाटली परत घेऊन आली.