चौदा नंबरची खुर्ची

वादळामुळे स्कीइंग बंद होतं, तरी खुर्च्यांचा रोपवे आम्ही रिकामाच फिरवत ठेवला होता. थांबवला, की तारेवर बर्फ गोठतो.

रोपवेच्या डोंगरावरच्या ठाण्यात मी एकटीच होते. प्रत्येक खुर्ची वीतभर बर्फ घेऊन वर येत होती. चौदा नंबरची मात्र कोरडी आली आणि तिचा पुढचा दांडा खाली ओढलेला होता. तो बसणारा माणूसच ओढतो.

मी खालच्या ठाण्यात फोन लावला. "क्विरिन, कुणाला बसवलंस?"

"या हवेत? फाटकाला कुलूप आहे, बाई!"

"मग दांडा कुणी ओढला? गेल्या वर्षी बाहुलं बसवून पाठवलं होतंस, विसरले नाहीये मी."

"आईशप्पथ, आज मी नाही."

त्याच्या शपथा मला ठाऊक होत्या. रोपवे थांबवून मी बाहेर आले. उतरायच्या जागेवरच्या ताज्या बर्फात एकही खूण नव्हती. म्हणजे क्विरिनच लबाड!

चिडून मागे वळले. दाराशी सकाळी रोवलेल्या माझ्या स्की बर्फाने माखल्या होत्या. शेजारी दुसरी एक जोडी उभी होती. तिच्यावर बर्फाचा कणही नव्हता.

आणि मी उघडं टाकलेलं दार आतून बंद होतं.