वाकड्या भिंतीचा नकाशा

"भिंत वाकडी हाय, तर वाकडीच काढा की, म्याडम."

मारुतरावांनी कागद प्राचीकडे परत सरकवला. कासुर्डीतलं त्यांचं घर रस्ता रुंदीकरणात जाणार होतं. मळ्यात नवं बांधायचं होतं, पण अगदी असंच. म्हणून आहे त्या घराचा मापानिशी नकाशा काढायला प्राची दौंडहून आली होती.

"आप्पा, खोली एका अंगाला चार इंच कमी भरते. मी फक्त काटकोनात आणली. सगळेच आणतात."

"तुमच्या कागदावरलं घर लई गुणाचं हाय. आमचं न्हाई. आन् सैपाकघराची पायरी किती धरली?"

"सहा इंच."

"मोजली?"

पायरी सहाचीच असते, म्हणून प्राचीने नुसतंच लिहून टाकलं होतं.

"एवढं एकच मागणं हाय बघा," मारुतराव हळू आवाजात म्हणाले. "घर बदललं तर आमच्या म्हातारपणाचे हाल हुत्याल."

माणसांचा जीव जुन्या भिंतींत अडकतो, असं मनाशी म्हणत तिने पुन्हा टेप ओढली. पायरी साडेसात भरली.

सात महिन्यांच्या स्वराजला घरी ठेवायला कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी त्याला कडेवर घेऊन येताना ती ओशाळली होती. पण पाऊल वाजताच मारुतरावांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, हात पुढे केले.

"आण इकडं. मापं काय पळून जात्यात व्हय?"

बाळाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवत त्या म्हणाल्या, "नाक बसकं हाय गं. तेल लावून वढत जा."

स्वराज त्यांचा पदर चोखत झोपी गेला. त्याला झोळीत टाकून त्या आत गेल्या आणि चहाचा काठोकाठ भरलेला कप थेंबही न सांडता घेऊन आल्या. पाटातून पाणी जावं तशा त्या घरभर फिरायच्या. बाळंतपणानंतर प्रथमच प्राचीचे दोन्ही हात मोकळे होते. चार दिवसांत तिने एकेक चौकट, बटण, खुंटी मोजली.

मांडवगणचा गवंडी म्हस्कू नकाशा बघून हसला. "लोक चुका दुरुस्त कराया बोलावत्यात. हितं चूकबी मापात बांधायची व्हय?"

"सूतभर जरी हाललं तरी पाडाया लावीन," मारुतराव म्हणाले.

आठ महिन्यांनी वास्तुशांतीला प्राची मळ्यात गेली. मारुतरावांनी बायकोला हाताला धरून उंबऱ्यापर्यंत आणलं आणि हात सोडला. श्वास रोखून ते बघत राहिले.

धुरपदाबाई एकट्याच आत गेल्या. तिरक्या भिंतीपाशी वळल्या, साडेसात इंचाची पायरी चढल्या, सगळ्या घरातून फिरून परत दारात आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

मारुतरावांचे डोळे भरले. त्यांनी प्राचीसमोर हात जोडले. "तुमचे उपकार न्हाई फिटायचे, ताई."

"असं काय, आप्पा! आजींनी माझं लेकरू सांभाळलं, म्हणून झालं सगळं." विषय बदलायला प्राची धुरपदाबाईंकडे वळली. "आजी, रंग आवडला का?"

"कंचा दिलाय गं?" धुरपदाबाई हसल्या. "मला दिसायचं बंद झालं, त्याला अठरा वर्सं झाली."