गाडी कोण चालवत होतं?

धाकट्या दिराने तिची गाडी कुंपणाच्या भिंतीवर घातली, तेव्हा कुठे घरात कळलं की त्याच्या लायसन्सची मुदत संपली होती.

"विमा कंपनी दमडी देणार नाही," नवरा म्हणाला. "तूच चालवत होतीस असं सांग. घरातल्या घरात काय ते!"

"पोराची एवढी लाज राख गं," सासूबाईंनी गळ घातली.

गाडी तिने स्वतःच्या पगारातून घेतली होती, आणि गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत तिला रोज त्याच गाडीने जावं लागे. आजवर तिच्या हातून साधा ओरखडाही उमटला नव्हता. तरी विम्याच्या सर्व्हेअरसमोर ती मान खाली घालून म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं."

क्लेम मंजूर झाला. "वहिनी, वाचवलंस बघ!" म्हणत दिराने सुटकेचा निःश्वास टाकला.

गाडी दुरुस्त होऊन दारात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पिशवीत टाकून तिने चावी मागितली.



"धाकट्याकडे दिलीय, नवीन लायसन्स काढलंय त्याने. तोच सोडत जाईल तुला," सासूबाई म्हणाल्या. "एकदा ठोकलीस ना, आता तू गाडी काढलीस की आमचा जीव थाऱ्यावर राहत नाही बाई."