रबराचे वळ

कारागिराने चमचा भिंगाखाली धरला, दांड्यावरच्या काळ्या रेषेवरून नख फिरवलं आणि चमचा परत फडक्यावर ठेवला.

"आजी, हा नुसता डाग नाही. चांदी खाल्लीय इथे."

"कुणी खाल्लीय?" सासूबाईंचा आवाज चढला आणि नजर सुनेकडे वळली. घरात दूध उतू गेलं तरी ती आधी तिकडेच वळायची.

सून रिकामी पेटी धरून उभी होती. आपल्या घरात चांदीचे बारा चमचे आहेत, हे तिला अर्ध्या तासापूर्वी रिक्षात बसताना कळलं होतं. तेही सासूबाईंचा गुडघा धरला होता आणि पेटी कुणीतरी उचलायला हवी होती म्हणून. लग्नाला अठरा वर्षं झाली होती.

"रबरबँडने खाल्लीय," कारागीर म्हणाला. "रबरात गंधक असतं. चांदीला ते लावून ठेवलं की संपलंच. आणि हे एकदोन वर्षांचं काम नाही."

"अहो, मी किती जपलेत! सहा-सहाचे दोन जुडगे, मऊ कापडात गुंडाळून वरून घट्ट रबर. जुनं सैल पडलं की दरवर्षी नवं लावायचे. एकही हरवू नये म्हणून."

"कापडातूनही लागतं ते, आजी." कारागिराने कपाळाला हात लावला. सुनेला मात्र एकदम आठवलं. दर उन्हाळ्यात रबरांचं पाकीट आणायला सासूबाई तिलाच पिटाळायच्या. जाड बघून आण, म्हणायच्या. कशाला हवीत, असं विचारायची त्या घरात सोय नव्हती.

"घासून जाईल ना? रविवारी माझी लेक नव्या घरात राहायला जातेय. तिच्यासाठीच ठेवलेत हो."

"घासलं तर दांडा बारीक होईल. मग मोडेल. आजी, घरातल्यांनी रोज या चमच्यांनी खाल्लं असतं, धुऊन पुसून ठेवले असते, तर चांदीला काही झालं नसतं."

सासूबाईंचे डोळे भरून आले. ते टिपून झाल्यावर त्यांनी चमचे गोळा केले आणि सुनेपुढे सरकवले.

"असले लेकीला कसे देऊ? तूच घे. घरात होतील वापरायला."

"मला दिले?"

"दिले म्हणते ना."

सुनेला राग आला. नणंदेच्या, म्हणजे ताईंच्या, जुन्या साड्या, ताईंचा कान तुटलेला मिक्सर, सगळं असंच तिच्याकडे आलं होतं. पण रागापेक्षा जास्त लाज वाटली, कारण चमचे पुढे आले तेव्हा क्षणभर तिला आनंदच झाला होता. तिने ते उचलले आणि कारागिरापुढे ठेवले.

"दादा, वितळवून टाका."

"अगं! माझ्या आईने दिलेत ते मला!"

"आणि आत्ता तुम्ही मला दिलेत, आई."

कारागीर आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. मग त्याने सुनेलाच विचारलं, "वितळवून काय बनवू, ताई?"

"काहीही बनवा," सून म्हणाली. "फक्त आईंना ते ओळखू येता कामा नये."