स्वेटरातली गाठ

आवडाबाईंनी स्वेटर उलटा केला आणि त्यांचं बोट एका गाठीवर अडलं.

“ही गाठ कसली गं, तुळसा?”

तुळसाने मान वर केली. ओटीवर बसलेली चार माणसं पोहे खायची थांबली. आवडाबाई कल्याणहून ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात आल्या होत्या त्या आपल्या लेकाच्या, परशुरामच्या, तुळसाशी ठरलेल्या साखरपुड्याची तारीख धरायला. परशुराम रेल्वेत, नेमणूक खडवलीला. तिथे थंडी झोंबते, म्हणून चैत्रात बोलणी झाली तेव्हाच त्यांनी सांगून ठेवलं होतं की स्वेटर हवा, आणि तो सुनेच्या हातचा हवा. ठाण्यात कुणी स्वेटर घातलेला दिसला तर लोक ताप आलाय का म्हणून विचारतात. पण वरमाईचा शब्द पडला की पडला. तुळसाच्या बापाने, दामाजीने, त्याच संध्याकाळी मोरपंखी लोकर आणून तिच्या पुढ्यात टाकली.

“दिवालीच्या आत पुरा झाला पायजे. नाय झाला तं तुजं बूट खाडीत.”

बूट म्हणजे तुळसाचे कॅनव्हासचे बूट. ते घालून ती रोज पहाटे मिठागराच्या बांधावरून पळायची. कॉलेजच्या सरांनी सांगितलं होतं, आश्विनातली जिल्ह्याची शर्यत मारलीस तर दिवाळीनंतर पुण्याची राज्याची शर्यत तुझी. तुळसाने त्या रात्री सुया हातात घेतल्या आणि मनाशी ठरवलं, विणीनही आणि पळीनही. बघू कोण बूट फेकतंय.

उन्हाळ्यात पाठ विणून झाली. मग पाऊस आला आणि बांधावर पाय ठरेना. तुळसा रस्त्याने पळू लागली, थेट टेंभी नाक्यापर्यंत आणि परत. लग्न ठरलेली पोर भर रस्त्यात पळते म्हटल्यावर नळावरच्या बायकांना आयताच विषय मिळाला.

“काय गो, वाघ लागलाय का पाठी?”

“मीच लागलेय वाघाच्या पाठी,” ती पळता पळता म्हणायची.

घरी येऊन ओल्या केसांनी विणायला बसली की एक सुलट, एक उलट करताकरताच डोळे मिटायचे. पण गंमत अशी, की स्वेटर थांबला नाही. ती कॉलेजातून यायची तेव्हा चार बोटं वाढलेला असायचा. टाकेही तिच्यापेक्षा घट्ट आणि सारखे. आईचंच काम हे, तिला वाटलं. मनुबाई दिवसभर बाजारात सुकी मासळी विकून दमून यायची, तरी लेकीसाठी एवढं करते म्हणून तिला गलबलून यायचं. विचारलं मात्र नाही. होणारं काम विचारून कोण बंद पाडतं? बापाचा मात्र राग राग यायचा. पावसाळ्यात होडी काठाला, म्हणून तो अख्खा दिवस माळ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेला असायचा, आणि खाली उतरला की एवढंच विचारायचा, “कुठवर आला सोटर?”

नवरात्रात ती टेंभी नाक्याच्या देवीला जाते असं सांगून निघाली ती कल्याणच्या मैदानावर पोचली. पळाली. पहिली आली. पदक घरी आणून सुकटीच्या डब्यात दडवलं. त्या दिवशी बापही जाळ्याची सुतळी आणायला म्हणून कल्याणला गेला होता आणि हात हलवत परत आला होता.

आणि आज, दिवाळीच्या तोंडावर, आवडाबाईंचं बोट त्या गाठीवर होतं.

मनुबाई लेकीला डोळ्यांनी खुणावत होती. मीच घातली म्हण, आणि सुट. तुळसालाही ते जमलं असतं. पण आज या गाठीबद्दल खोटं बोलायचं, उद्या पळण्याबद्दल, आणि मग खडवलीला जन्मभर तेच करायचं? तिची कानशिलं तापली.

“पाठ माझी आहे,” ती म्हणाली. “पुढचा भाग आणि बाह्या माझ्या नाहीत. आईने विणल्यात. मी पळायला जाते.”

“मी?” मनुबाई ओरडली. “मना सुई धराला येत नाय!”



आवडाबाई त्या गाठीवरून बोट फिरवत होत्या. त्यांचा जन्म होड्यांच्या घरात गेला होता. “लोकर सपली थितं गाठ मारलेय,” त्या सावकाश म्हणाल्या. “जाल्याची गाठ हाय ही. आमच्याकडं ही बाप्ये मारतात. कोनी इनलाय ह्यो सोटर?”

कोपऱ्यातून दामाजी उठला.

“मी.”

ओटीवर कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला.

“तुमी इनत व्हता?” आवडाबाईंचा आवाज चढला. “मंग पोर काय करत व्हती?”

“पलत व्हती.” दामाजीने त्यांच्या हातातून स्वेटर काढून घेतला, सुलटा केला, आणि तुळसाच्या मांडीवर ठेवला. “आनि ह्यो आता तिचा. पुढच्या आठवड्यान् पुन्याला चाललेय ती. थितं थंडी असतेय.”

आवडाबाईंनी छातीवर हात मारून घेतला. “अगो बाय माजे! पलून? पुन्याला? कोनासंगती?”

“एकटी,” दामाजी म्हणाला. “कल्यानला तिला पलताना मी सोताच्या डोल्यांनी बघितलंय. बाकीच्या समद्या मागं ऱ्हातात.”