मागच्या दोन गाड्या

रायपूरहून निघताना गुलाबरावांनी लेकीला बजावलं होतं, “कोणी विचारलं तं मागं दोन गाड्या येऊन राहिल्या म्हण. एकटी आहो म्हणू नको, पूर्णिमा!” दिवसभर डोंगरातल्या घळईतून जीप हाकत ती नाल्याशी आली, तर काठीवाला म्हातारा आडवा आला. “अकेली हो, दीदी?” “पीछे दो गाडी आ रही हैं!” म्हणत तिनं काच चढवली. “हव,” म्हणत मान डोलावून तो पाण्यात उतरला. चाकांच्या खुणा सरळ जात होत्या, हा मात्र डावीकडं बोलावत होता. लक्षण काही ठीक दिसेना. तेवढ्यात त्यानं सरळ वाटेत काठी खुपसली, अख्खी बुडाली. ती त्याच्यामागून डावीकडून पार झाली. चढावर पोचून तिनं आरशात पाहिलं. दिवस मावळत होता, आणि नाला ओलांडून परतलेला म्हातारा काठी टेकून त्या दोन गाड्यांची वाट पाहत बसला होता.