बघणारी गाडी

कुमासी शहरातल्या सेर्वाला व्हिडिओ गेममधली शर्यतीची गाडी संगणकाकडून चालवून घ्यायची होती. कॅमेरा पडदा बघणार आणि त्यावरून संगणक रस्ता ओळखणार. त्याला नक्कल करून शिकता यावं म्हणून तिने आधी बिनचूक गाडी चालवणारा एक वेगळा प्रोग्राम लिहिला. तो वळणं थेट गेमच्या मेमरीतून वाचायचा, त्याला कॅमेरा लागतच नसे. प्रकल्पातल्या तिच्या जोडीदाराने, न्यार्कोने, तिच्या नकळत तिचं काम चोरलं आणि कॉलेजच्या स्पर्धेत स्वतःच्या नावाने उतरवलं.

"तुझं आहे म्हणतेस, मग दाखव की पुरावा," तो तिला हसत म्हणाला.

पहिल्या फेरीत त्याची गाडी एकदाही अडखळली नाही, तेव्हाच सेर्वा काय ते समजली. तिची बघून चालणारी गाडी अजून अधूनमधून कठड्यावर आदळायची. या शहाण्याने भलताच प्रोग्राम पळवला होता. तिने तक्रार केली नाही. अंतिम फेरीला सभागृह गच्च भरेपर्यंत ती थांबली.

अंतिम फेरीत गाडी सुसाट निघाली. "माझा संगणक माणसासारखा डोळ्यांनी बघतो," न्यार्को परीक्षकांना सांगत होता. सेर्वा शांतपणे मंचावर चढली.

"थांबवू नकोस हं गाडी. बघू दे तिला," म्हणत तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि पडद्यासमोर लावलेल्या त्याच्या कॅमेऱ्याभोवती घट्ट गुंडाळला.



गाडी एकही वळण न चुकता शर्यत जिंकून मोकळी झाली.